टॉप वर्गात मागे का उभे राहायचे

वेंडेल टॅकेट यांना आमच्या गावात वेंडेल कोणी म्हणत नाही. तोफखान्यात तुकडीतल्या सगळ्यात वरच्या सार्जंटला 'टॉप' म्हणायची पद्धत आहे, आणि हे नाव एकदा चिकटलं की निवृत्त झाल्यावरही सुटत नाही. किराणा दुकानातली मुलगी त्यांना टॉप म्हणते, दाताचा डॉक्टरही टॉप म्हणतो. बायको त्यांना सोडून मिसूरीला गेली तेव्हा, सामान गाडीत भरून झाल्यावर, "येते टॉप, गोळ्या वेळेवर घ्या," असं म्हणाली म्हणे. लोक काहीही सांगतात, पण हे मला खरं वाटतं.

मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. तुकडीच्या स्टोअरमध्ये होते. बूट, तंबू, ब्लँकेटं द्यायची आणि परत घ्यायची, हे माझं युद्ध. आता इथल्या कॉलेजात माजी सैनिकांसाठी एक खोली आहे, तिथे टेबलामागे बसते. एक फाटका कोच, एक मायक्रोवेव्ह, कॉफीचं मशीन आणि भिंतीवर झेंडे. गावाशेजारच्या छावणीच्या मैदानात तोफांचा सराव सुरू झाला की कॉफीच्या मशीनचं झाकण थरथरतं आणि बाहेरगावाहून आलेले प्राध्यापक दचकतात. आम्ही दचकत नाही. आमच्यातल्या निम्म्यांना ऐकूच येत नाही.

माझं काम सोपं आणि कंटाळवाणं आहे. सैन्यात पुरेशी वर्षं काढलेल्या माणसाला सरकार छत्तीस महिने शिकू देतं. फी परस्पर कॉलेजला जाते, आणि वर दरमहा घरभाडं हातात येतं. तेही वर्ग चालू असतील तेवढ्याच दिवसांचं. सुट्टी लागली की भाडं बंद, घर मात्र चालूच. त्यामुळे ऑगस्ट महिन्यात आमच्या खोलीत फारसं कोणी हसत नाही. कोण कुठल्या वर्गाला बसलाय, बसतोय ना, सोडून तर गेला नाही, हे मी वर कळवायचं. आमचं गाव या पैशावर शिकतं. काही जण खरोखर शिकतात, काही जण घरभाड्यासाठी शिकतात. मी कोणाला नावं ठेवत नाही.

टॉप दोन वर्षांपूर्वी आले. पन्नाशी ओलांडलेली, गुडघे गेलेले, डावा कान पूर्ण गेलेला आणि उजवा जायच्या बेतात. टायरच्या कारखान्यात रात्रपाळी करून, तसेच काळ्या हातांनी, सकाळी आठच्या वर्गाला यायचे. आधी माझ्या टेबलाशी कॉफी. महिन्याच्या शेवटी सगळ्यांना फोनवर सरकारचा मेसेज येतो, की तुम्ही अजून शिकताय का. 'हो' असं उत्तर पाठवलं की पैसे येतात. टॉप फोन हातभर लांब धरून वाचायचे.

"ब्रॅनम, हे बघ. पुन्हा विचारतायत."

"मग हो म्हणून टाका."

"दर महिन्याला तेच. जिवंत आहे का, हे एकानेही विचारलं नाही. शिकतोय का म्हणे."

"जिवंत असल्याशिवाय शिकणार कसे, टॉप?"

"आमच्या बीजगणिताच्या वर्गात ये एकदा. बघ कसे शिकतात ते."

हे शिक्षण त्यांना नको होतं. त्यांच्याइतका पुस्तकाचा तिटकारा असलेला माणूस मी पाहिलेला नाही. ते का बसत होते ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

सरकारचे हे महिने स्वतःला नको असतील तर मुलांच्या नावावर करता येतात. पण नोकरीत असतानाच. वर्दी उतरवली की नवीन नाव घालता येत नाही. आधी ज्यांची नावं घातली असतील त्यांच्यात महिने इकडचे तिकडे करता येतात, तेवढंच. म्हणून जुनी माणसं नव्यांना बजावून सांगतात, प्रत्येक मुलाच्या नावावर निदान एक महिना टाकून ठेव. नाव लागलं की झालं. पुढे त्या एकाचे बारा कर नाहीतर छत्तीस कर.

आमच्या तुकडीत हे कानीकपाळी ओरडणारा माणूस म्हणजे टॉप.

"ब्रॅनम, पोराचं नाव काय ठेवलंस?"

"टोबायस, टॉप."

"महिना टाकलास?"

"तो अजून पालथा पडायला शिकतोय. कॉलेजचं काय घेऊन बसलात?"

"पालथा पडेल, उठेल, दाढी करायला लागेल, आणि तोवर तू इथे नसशील. जा. टाकल्याशिवाय मेसमध्ये तोंड दाखवू नकोस."

मी चरफडत गेले आणि टाकला. टोबायस आता आठवीत आहे आणि त्याच्या कॉलेजची मला चिंता नाही. असे कितीतरी. कोणी बाप नको म्हणाला तर टॉप त्याची मानगूट धरून कॉम्प्युटरपुढे बसवायचे. एकाने त्यांना शिव्या दिल्या होत्या. त्याची मुलगी आज वकील आहे.

आणि त्यांची स्वतःची दोन मुलं. कोल्टन मोठा, डेलिया त्याच्याहून सात वर्षांनी लहान. टॉपनी आपले महिने लावले त्या दिवशी कोल्टन हायस्कूलला जायच्या वयाचा होता, डेलिया पहिलीत. कोल्टनचं कॉलेज समोर दिसत होतं. छत्तीसच्या छत्तीस त्याच्या नावावर टाकले. डेलिया लहान आहे, तिचं मागाहून बघू. दुसऱ्या दिवशी तुकडी सरावासाठी वाळवंटात गेली, तिथून परदेशी गेली, परत आली तर पुन्हा दुसऱ्यांची पोरं आणि दुसऱ्यांचे महिने. मग निवृत्तीचा समारंभ झाला, केक कापला, आणि मागाहून बघायचं राहून गेलं. जो माणूस सगळ्या तुकडीच्या मागे काठी घेऊन हिंडत होता, त्याच्या मागे कोण हिंडणार? आमच्या टॉपलाही कोणीतरी टॉप हवा होता, असं मला वाटतं, आणि मला त्याचा अजूनही राग येतो. कोणाचा, ते मात्र सांगता येत नाही.

कोल्टन कॉलेजात गेलाच नाही. तो पवनचक्क्यांवर चढून त्या दुरुस्त करतो, मजेत आहे. महिने टॉपकडे परत आले. डेलियाला शहरातल्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा टॉप तिचं नाव घालायला गेले, आणि ते घालता येत नाही हे त्यांना तिथे कळलं. हेच ते वर्षानुवर्षं दुसऱ्यांना सांगत आले होते, तरी कळलं असंच म्हणावं लागेल. मग ते प्रत्येक ऑफिसात गेले. एका खिडकीत तर आमच्याच तुकडीतला पोरगा बसला होता. "टॉप, हे तुम्हीच आम्हाला सांगायचात ना," तो म्हणाला. बिचाऱ्याला टोमणा मारायचा नव्हता. टॉप गाडीत येऊन बराच वेळ बसून राहिले होते, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

मग त्यांनी आपला मार्ग काढला. महिने पोरीला देता येत नाहीत, पण स्वतः वापरता येतात. स्वतः कॉलेजात बसायचं, घरभाडं घ्यायचं, आणि ते डेलियाच्या फीला भरायचं. त्यात काही गैर नाही, घरभाडं मिळाल्यावर माणसाने त्याचं काय करावं हे कोणी विचारत नाही. पेन्शन अर्धी मिसूरीला, बायकोकडे जाते, म्हणून वरखर्चाला टायरचा कारखाना. मी नोंद करताना सगळं पाहिलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"तोंड मिट, ब्रॅनम," ते म्हणाले. "आणि मिटूनच ठेव. डेलियाला वाटतंय की महिने तिच्या नावावर आहेत. पैसे माझ्या खात्यात येतात आणि मी भरतो, असं सांगितलंय तिला."

"आणि तुम्ही कॉलेजला का जाताय?"

"वेळ जात नाही म्हणून."

"टॉप, खरं सांगून टाका. विसरलात. माणसाकडून चूक होते."

"विसरलो असतो तर सांगितलं असतं." ते कॉफीच्या कपाकडे बघत बोलत होते. "छत्तीस होते. मी बसून, विचार करून, छत्तीस पोराला दिले आणि पोरीला शून्य. हे तिला कळलं तर ती फीचा विचार नाही करायची. शून्याचा करेल."

मी त्यांना कोपऱ्यावरच्या कोरियन बाईंकडून आणलेला किंबाप, म्हणजे भाताची गुंडाळी, पुढे केला. भात त्यांना आवडत नाही, पण त्यांनी खाल्ला.

अशी चार सेमिस्टरं गेली. टॉप कसेबसे पास होत होते. वर्गात झोप मात्र आवरत नव्हती. रात्रभर टायर ओढलेल्या माणसाला सकाळी आठला गरम खोलीत बसवून कोणी सूत्रं सांगायला लागलं तर दुसरं काय होणार? आता सैन्यात यावर एक रीत आहे. वर्गात डोळा लागायला लागला की आपण होऊन उठायचं, मागच्या भिंतीशी जायचं आणि उभं राहायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. उभं राहून ऐकायचं. शिकवणारा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, कारण त्यात अपमान नाही, उलट तो माणूस झोपत नाहीये याचं कौतुक. आमच्या सगळ्यांच्या पायांना ती सवय आहे. मी एकदा चर्चमध्ये प्रवचन चालू असताना उठून मागे गेले होते, तर पाद्र्याला वाटलं मला काही कबूल करायचंय.

पाचव्या सेमिस्टरला बीजगणिताचा दुसरा भाग आला आणि शिकवायला आल्या प्राध्यापिका सॉल्व्हेग लुंड. मिनेसोटाच्या. तरुण, हुशार, पहिलीच नोकरी, गावात कोणी ओळखीचं नाही. त्या फळ्याकडे वळायच्या तेव्हा सगळे बसलेले असायचे. परत वळायच्या तेव्हा मागच्या भिंतीशी एक धिप्पाड माणूस, हात पाठीमागे बांधून, पाय फाकवून, नजर समोर रोखून उभा असायचा. चेहरा टॉपचा. तो चेहरा हसताना पाहिलेले आम्ही थोडेच.

दोन-तीनदा त्यांनी विचारलं, "काही हवंय का तुम्हाला?"

"नाही, मॅडम," टॉप म्हणाले. म्हणजे ओरडले. तोफांनी कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

"बसता का मग?"

"मी इथेच बरा आहे, मॅडम."

वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप सैन्यातले. त्यांना हे काय चाललंय ते ठाऊक होतं, पण त्यांना कोणी विचारलं नाही, आणि ती पोरं आपणहून कशाला बोलतील. लुंडबाई मात्र फळ्याकडे पाठ करायला घाबरायला लागल्या. मी त्यांना दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते आणि मला काही माहीत नसतं, तर मीही घाबरले असते. त्यांनी वर तक्रार केली. एक विद्यार्थी वर्गात धमकावल्यासारखा उभा राहतो, बस म्हटलं तर बसत नाही.

टॉपना निरोप आला की चौकशी होईपर्यंत त्या वर्गात जाऊ नका. ते माझ्या खोलीत येऊन कोचावर बसले. आमच्याकडे डूली नावाचा, मरीन दलातला एक जुना सैनिक पडीक असतो, त्याला यात गंमत वाटली.

"काय टॉप, पोरींना घाबरवता म्हणे. तोफखान्याला याहून मोठं काही जमत नाही का?"

टॉपनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डूलीने मग गप्प बसून टीव्हीचा आवाज कमी केला.

"ब्रॅनम," टॉप म्हणाले, "हा वर्ग गेला तर काय होतं?"

"या सेमिस्टरला समोर बसून शिकायचा तुमचा हा एकच वर्ग आहे. बाकीचे घरून, कॉम्प्युटरवरचे. हा गेला की विषय कमी पडतात आणि घरभाडं बंद होतं. ज्या दिवशी गेला त्या दिवसापासून."

"डेलियाची पुढची फी दोन आठवड्यांत आहे."

"चौकशीत सांगा ना, झोप येते म्हणून उभा राहतो. संपलं."

"झोप का येते हे कोणी विचारणार नसतं तर संपलं असतं," ते म्हणाले, आणि बसल्या जागी त्यांचे डोळे मिटले.

चौकशी डीन गिडन्स यांच्या खोलीत झाली. गिडन्स चांगला माणूस आहे, पण चांगल्या माणसांना दुसऱ्याचं भलं करायची फार घाई असते. लुंडबाई एका खुर्चीवर, टॉप दुसऱ्या खुर्चीवर ताठ, आणि सोबत म्हणून मी. टॉपनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हात घासून घासून लाल केले होते, तरी नखांतला काळा रंग गेला नव्हता.

मी सैन्यातली रीत समजावून सांगितली. लुंडबाईंचा चेहरा आधी कळलं नाही असा, मग एकदम कळलं असा झाला.

"म्हणजे तुम्ही झोप येऊ नये म्हणून उभे राहत होतात?"

"हो, मॅडम."

"मला वाटलं..." त्या थांबल्या. "तुम्ही हे बोलला का नाहीत?"

"सांगायची पद्धत नाही, मॅडम. तुम्ही चांगलं शिकवता. मी झोपलो असतो तर तुमचा अपमान झाला असता."

त्यांनी तक्रार तिथल्या तिथे मागे घेतली. मी निःश्वास सोडला आणि उठायला लागले. पण गिडन्स पुढे झुकून बसला होता.

"वेंडेल, मला तुमची काळजी वाटते. उभं राहिल्याशिवाय जागं राहता येत नसेल तर हे ठीक नाही. तुम्हाला पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे. रात्रपाळी आणि कॉलेज, कशासाठी एवढं? एक सेमिस्टर विश्रांती घ्या. तुमची जागा मी राखून ठेवतो. हवं तर आजच करून टाकू."

"नको, सर."

"गाडी चालवताना डोळा लागला तर? मी तुमच्या घरच्यांना फोन केला होता. तुम्ही दिलेल्या नंबरवर. तुमची मुलगी येते म्हणाली."

टॉपच्या मानेवरची शीर उडताना मी पाहिली. तेवढ्यात दार वाजलं आणि डेलिया आत आली. हॉस्पिटलातले निळे कपडे अंगावर, केस विस्कटलेले, शहरातून थेट गाडी हाकत आलेली. डोळे बापाचेच.

"बाबा, काय झालं? बरा आहेस ना?"

"बरा आहे गं. काही नाही."

"तुमच्या वडिलांना एक सेमिस्टर सुट्टी घ्या असं मी सांगतोय," गिडन्स म्हणाला. "तुम्हीही सांगा त्यांना. वेळ घालवायला म्हणून शिकायचं आणि त्यासाठी जिवावर उदार व्हायचं, याला अर्थ आहे का?"

डेलिया बापाकडे बघत उभी राहिली. टॉपनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं, काहीही, पण माझ्या डोक्यात एकही खोटं वेळेवर येईना. सुट्टी घेतो म्हटलं तर फी गेली. घेत नाही म्हटलं तर का घेत नाही ते सांगावं लागणार, आणि ज्या एका माणसाला ते कळू नये म्हणून चार सेमिस्टरं हा माणूस झोपेशी मारामारी करत होता, ती समोर उभी. लुंडबाई आपल्या हातांकडे बघत होत्या. बाहेर कोणीतरी पानं उडवायचं मशीन चालवत होतं.

"सुट्टी घेता येणार नाही," टॉप म्हणाले.

"का पण?"

ते उठले. खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे. त्यांना बसून बोलता येईना.

"डेलिया, तुझी फी माझ्या घरभाड्यातून जाते. मी इथे बसतो म्हणून ते मिळतं. तुझ्या नावावर महिने नाहीत. कधीच नव्हते. माझ्याकडे छत्तीस होते, ते सगळे मी कोल्टनला दिले. तुझं मागाहून बघू म्हटलं आणि बघितलं नाही. मी तुकडीतल्या प्रत्येक पोराचं नाव घालून घेतलं. या ब्रॅनमच्या तान्ह्या पोराचंही. तुझं राहिलं." आवाज नेहमीसारखाच मोठा होता, शेजारच्या खोलीतही गेला असेल. "तुला खोटं सांगितलं. मला लाज वाटत होती."

गिडन्सने समोरची फाइल हळूच बंद केली. मला वाटलं डेलिया रडेल, किंवा निघून जाईल. ती जागची हलली नाही.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली.

टॉपना ऐकू आलं नाही. "काय?"

ती उजव्या बाजूला गेली, त्यांच्या चांगल्या कानाशी. "मला माहीत होतं. पहिल्या सेमिस्टरलाच. पुस्तकांना वेगळे पैसे मिळतात असं ऐकलं म्हणून आमच्या इथल्या ऑफिसात गेले होते. ती बाई म्हणाली, तुझ्या नावावर काहीच नाही. मी म्हटलं नीट बघा, माझे वडील टॉप टॅकेट आहेत, ते विसरणं शक्य नाही. तिने दोनदा बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

चार सेमिस्टरं. दर रविवारी टॉप पोरीशी फोनवर बोलायचे, वर्ग कसा आहे, जेवलीस का, आणि पलीकडे ती वाट बघत बसलेली. मी त्या खोलीत नसते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"सगळे नको होते मला," डेलिया म्हणाली. "एक पुरला असता."

"हो," टॉप म्हणाले.

"एक, बाबा. कोल्टनकडे पस्तीस राहिले असते तरी त्याने काय केलं असतं त्यांचं?"

"हो."

त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. सराव, परदेश, घाई, हे सगळं मला सांगितलेलं त्यांनी तिला सांगितलं नाही. नुसतं हो म्हणत राहिले. मला तो माणूस तेव्हा जितका आवडला तितका वर्दीत कधी आवडला नव्हता.

डेलियाने बाहीने नाक पुसलं. "फी भरत राहा. मी काही नर्सिंग सोडणार नाही, आणि तुला आता मध्येच उठूही देणार नाही. पण यापुढे माझ्या नावावर आहेत असं बोलायचं नाही. तू बसतोस म्हणून मिळतात असं म्हणायचं."

"बरं."

"आणि कारखान्यातले दोन दिवस कमी कर. मी शनिवार-रविवार काम धरते."

"ते बघू."

"बघू नाही. कर."

मी टॉपना 'बघू' म्हणताना हजारदा ऐकलंय, पण त्यावर कोणी उलट बोललेलं पहिल्यांदाच ऐकलं. टॉपनी मान हलवली. लुंडबाई उठल्या आणि दाराशी थांबून म्हणाल्या की वर्ग नेहमीप्रमाणे सोमवारी आठला आहे. गिडन्सने घसा साफ केला, कोणी कॉफी घेणार का विचारलं, आणि कोणीच घेतली नाही.

मी त्यांच्याबरोबर पार्किंगपर्यंत गेले. वारा होता, आमच्याकडे असतोच, लाल धूळ गाड्यांवर बसत होती. डेलियाने हात पुढे केला.

"किल्ली दे. मी घरी सोडते तुला. तुझी गाडी उद्या नेऊ."

त्यांनी वाद न घालता किल्ली दिली आणि तिच्या गाडीत बसले. पट्टा लावायला हात वर नेला तो तसाच खाली आला. पट्टा तिनेच वाकून लावला. मी माझ्या गाडीत बसले, फोन बघितला, टोबायसला दोन ओळी लिहिल्या, आणि मान वर केली तर त्यांची गाडी अजून तिथेच होती. टॉपचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड उघडं, गाढ झोपलेले. डेलिया स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून रडत होती. तिने गाडी सुरू केली नव्हती.